बग क्रमांक एकेचाळीस

डिचोलीच्या बाजारात, पत्रे-सिमेंटच्या दुकानावर
सगुण गावसची खोली. दोन संगणक, एक कुरकुरता पंखा,
आणि खिडकीच्या गजांवर अजून तांबडी धूळ,
खाण बंद पडून इतकी वर्षं झाली तरी.

मी पूर्वी वजनकाट्यावर होते, टिपरच्या फेऱ्या मोजायचे.
आता सगुणच्या खेळातल्या चुका मोजते.
चुकीला वीस रुपये.
काम तेच: रात्र, रजिस्टर, थंड झालेला चहा.

खेळायला म्हणाल तर खेळ भिकार आहे.
टॉर्च तिसऱ्यांदा दाबल्यावर लागतो.
शिडीवर चढलेला माणूस शिडीतच रुततो.
धावायचं बटण दाबलं की तो
प्रदक्षिणा घालावी तसा सावकाश निघतो,
आणि कुत्रा, क्रमांक सतरा, जमिनीपासून हातभर वर
हवेत उभा राहून भुंकतो.
भाचा अन्वेष पर्वरीहून आला, दहा मिनिटं खेळला,
म्हणाला, "मावशे, भुतापरीस ह्या दाराचंच भय दिसता."

पण गोष्ट.

एक बाई रोज रात्री जेवणाचा डबा घासून पालथा घालते,
पहाटे उघडते तर त्यात शितं.
खंदकातलं हिरवं पाणी रोज एक पायरी वर येतं,
कुणी बोलत नाही त्याबद्दल, फक्त
कपडे वाळत घालायची दोरी घराकडे सरकत जाते.
आणि टिपर मागे घेताना वाजतो तो आवाज,
टुं, टुं, टुं,
वाडीभर. टिपर मात्र कुठेच नाही.

ते येतं शेवटी. उंच, मातीनं माखलेलं.
तुम्ही पळता (सावकाश), घरात शिरता,
ते दारापर्यंत पोचतं आणि उंबरठ्यावर अडकतं.
पाय चालत राहतात, जागच्या जागी. आत येत नाही.
भय जातं, हसू येतं.
मी लिहिलं: एकेचाळीस. भूत दारात अडकते. दुरुस्ती तातडीने.

सगुणने चाळीस दुरुस्त केल्या,
कुत्रासुद्धा खाली उतरवला.
एकेचाळीसचं विचारलं की म्हणायचा, बघतो.

काल त्यानं शेवटचा भाग दिला.
त्यात कपाटाच्या खणात एक पान सापडतं.
निळी शाई. आठाच्या पोटात पडणारी गाठ.
माझी गाठ.
चालक: भिकू गावस. गेला ११.४०. आला १२.५८.

आला नव्हता.
पहाटे बेरीज जुळत नव्हती,
सुपरवायझर केरकर काट्याशी घड्याळ बघत उभा,
आणि मी एक फेरी परत आणली. पेनानं.
दरड कोसळलेली तिसऱ्या दिवशी कळली,
तोवर कागदावर माणूस सुखरूप होता,
कोण कशाला शोधणार.
सगुण तेव्हा सातवीत.

मी मान वर केली नाही. त्यानंही केली नाही.
पडद्यावरच्या काजूच्या पानांना
तो तांबडा रंग देत होता, एकेका पानाला.
म्हणाला, "नोंदीप्रमाणे बाबा आले.
मग आत का आले नाहीत, तेवढं मला सुचेना.
सुचलं तिथवर केलं."

तो जेवायला गेला. मी पुन्हा सुरुवातीपासून खेळले.
टॉर्च, शिडी, दोरी, पाणी.
ते दारात आलं. पाय चालू लागले.
ह्या वेळी मी आत उभी, दाराच्या अगदी समोर,
आणि दिसलं की वाट मीच अडवलीय.
सगळी बटणं दाबून पाहिली.
पुढे आहे, मागे आहे, वाकणं आहे,
बाजूला सरकणं ह्या खेळात नाहीच.

रजिस्टर ओढलं.
बेचाळीस: दारातून बाजूला होता येत नाही.
वीस रुपयांचा रकाना रिकामा ठेवला.
वेळेच्या रकान्यात घड्याळ बघून वेळ घातली,
३.१०.